नव्वद दिवसांचा नियम तुमच्यासाठी नाही

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नाशिकचं एक जोडपं मे २०२४ मध्ये इटलीला गेलं. पिसाला भाड्याची गाडी घेतली आणि १४ मेच्या संध्याकाळी थेट फ्लोरेन्सच्या जुन्या शहरात शिरले, कारण हॉटेल दुओमोपासून, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चपासून, पाच मिनिटांवर होतं. त्या भागात ठरावीक वेळेत परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी आहे आणि कॅमेरे गाडीचा नंबर टिपतात. सप्टेंबरात गाडीच्या कंपनीने क्रेडिट कार्डावरून ४५-४५ युरो दोनदा कापून घेतले. ११ एप्रिल २०२५ रोजी फ्लोरेन्स महापालिकेच्या दंडाच्या दोन नोटिसा रजिस्टर टपालाने घरी आल्या. पतिराजांनी २४ मे रोजी मला मेल पाठवली: "मेव्हणे म्हणतात, नोटीस ९० दिवसांत आली नाही तर दंड रद्द होतो. शिवाय पैसे तर कार्डातून आधीच गेलेत. मग आता भरायचं कशाला?"

अशा मेल माझ्याकडे दर उन्हाळ्यानंतर येतात. शहर बदलतं, मेव्हणे बदलत नाहीत.

जुन्या शहरात गाडी नेऊ नये, करार वाचून सही करावी, हे सगळं तुम्हाला आता कळलेलं आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. तुमचं प्रकरण एकाच तारखेवर उभं आहे. ती १४ मे नव्हे. ती ११ एप्रिल.

आधी मेव्हण्यांचा मुद्दा. इटलीच्या वाहतूक संहितेच्या कलम २०१ मध्ये ९० दिवसांची मुदत आहे, हे खरं. पण ती इटलीत राहणाऱ्यांसाठी. परदेशात राहणाऱ्यांसाठी त्याच कलमात ३६० दिवस दिले आहेत. १४ मे ते ११ एप्रिल हे दिवस मी बोटांवर मोजले: ३३२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवसापासून मोजलं तरी नोटीस मुदतीत आहे. भाड्याच्या गाडीत तर पालिका आधी कंपनीला नाव विचारते आणि तुमचं नाव हाती आल्यावर मुदत मोजते. त्यात भर म्हणजे तिथे पाठवणाऱ्याने नोटीस टपालात कधी टाकली हे पाहतात. हा दरवाजा बंद आहे, त्यावर डोकं आपटू नका.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. कार्डातून गेलेले ४५ युरो हा दंड नाही. पोलिसांनी "गाडी कोणाकडे होती?" असं विचारलं आणि कंपनीने तुमचं नाव-पत्ता कळवला, त्या कारकुनीची ती फी. तुमच्या सहीच्या करारात ते कलम असणार, बारीक अक्षरात. दंड वेगळा आणि तो पालिकेचा.

आता तुमची मुदत. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरलं असतं तर तीस टक्के सूट मिळाली असती: ८३ युरोंऐवजी ५८ युरो १० सेंट. ती संधी १६ एप्रिललाच गेली. तेव्हा पाकीट कुठे होतं? तुम्हीच लिहिलंय, "इटालियनमध्ये होतं म्हणून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं." अहो, मोबाइलचा कॅमेरा त्या कागदावर धरला असता तरी मोबाइलने मराठीत वाचून दाखवलं असतं!

असो. साठ दिवस अजून संपलेले नाहीत. ते १० जूनला, मंगळवारी संपतात. तोवर प्रत्येकी ८३ युरो आणि नोटिशीवर छापलेला टपालखर्च भरला की विषय मिटतो. ११ जून उजाडला की तीच नोटीस वसुलीचा हुकूम बनते आणि रक्कम कमाल दंडाच्या निम्मी होते, म्हणजे ३३२ युरोंच्या निम्मे, प्रत्येक नोटिशीला १६६ युरो. पुढे दर सहा महिन्यांना दहा टक्के चढतात. आपल्याकडे उशीर झाला की विलंबमाफीचा अर्ज टाकायची सवय आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

अपीलही याच साठ दिवसांत करायचं. प्रीफेक्टकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या सरकारी प्रतिनिधीकडे, केलं तर फी नाही, पण हरलात तर किमान दुप्पट भरावं लागतं. जुदिचे दी पाचे, म्हणजे तिथल्या छोट्या दाव्यांच्या न्यायाधीशाकडे गेलात तर कोर्ट फी, इटालियन अर्ज आणि पुढे तारखा. एकदा दंड भरला की अपिलाचा हक्क जातो, हेही लक्षात ठेवा.

अपिलात दम येईल असा तुमच्याकडे एकच मुद्दा असू शकतो: हॉटेल. फ्लोरेन्सच्या निर्बंधित भागातली हॉटेलं पाहुण्यांच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवू शकतात. "गाडी घेऊन या, नंबर आम्ही कळवतो" असं हॉटेलने तुम्हाला लेखी दिलं होतं का? तशी मेल असेल तर मला आजच पाठवा, विचार करू. "रिसेप्शनवरचा मुलगा फोनवर हो म्हणाला होता" एवढ्यावर मी तुमचे पैसे खर्च करणार नाही.

नोटीस दोनदा कशी, असं विचारलंय. तुमच्याच नोटिशांवर वेळा आहेत: ६ वाजून १२ मिनिटं आणि ६ वाजून १९ मिनिटं. दोन कॅमेरे, दोन वेळा प्रवेश. हॉटेल सापडेना म्हणून तुम्ही बाहेर पडून पुन्हा आत आलात. १४ मेला मंगळवार होता, आणि मंगळवारी सकाळी साडेसात ते रात्री आठ ती बंदी चालू असते. इटलीतल्या बऱ्याच शहरांत अशा ठिकाणी 'वार्को अत्तिवो' असा फलक पेटतो. वाचणाऱ्याला वाटतं दार उघडं आहे. त्याचा अर्थ असतो कॅमेरा चालू आहे.

भरलं नाही तर नाशिकला जप्ती येईल का? नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ मध्ये परदेशी हुकमांच्या थेट अंमलबजावणीची सोय आहे, पण दंडाची रक्कम त्यातून स्पष्ट वगळलेली आहे, आणि इटली त्या कलमाखाली अधिसूचित देशही नाही. वसुली संस्थांची पत्रं मात्र येत राहतील. व्हिसाबद्दल मी हमी देत नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे इटली-जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, नाकारण्याच्या कारणांत वाहतूक दंडाची थकबाकी नाव घेऊन दिलेली नाही, एवढंच सांगतो. मुलगी म्युनिकला शिकायला जाणार म्हणता आणि तिच्याकडे जाणं-येणं राहणार. दोन्ही नोटिसांचे आज मिळून होणाऱ्या १६६ युरोंसाठी ती टांगती तलवार कशाला?

गाडीच्या कंपनीवर ग्राहक आयोगात जायचं मनात आहे असं दिसतं. तक्रार नाशिकला करता येईल, दोन वर्षांची मुदतही शिल्लक आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय. मी ते वाचून अनेकदा हसलो आहे. ९० युरोंसाठी इटलीतल्या कंपनीला नोटीस बजावत बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. करार पाठवलात तर पाहीन, पण मी असतो तर सोडून दिलं असतं.

दोन्ही रकमा स्वतंत्र भरा, शक्यतो नोटिशीवर दिलेल्या पालिकेच्या संकेतस्थळावर कार्डाने. बँकेतून पाठवणार असाल तर फॉर्मवर सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे, असं लिहून घ्या. मधल्या बँकेने वीस युरो कापले आणि तिथे ६३ च पोहोचले, तर ती अपुरी रक्कम ठरते आणि साठ दिवसांचा फायदा जातो. संदर्भाच्या रकान्यात नोटीस क्रमांक आणि गाडीचा नंबर टाका. पैसे पोहोचायला दोन-चार दिवस लागतात, म्हणून ३ जूनच्या आत पाठवा. पावती मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. आणि ते पाकीटही जपून ठेवा, टपालाच्या शिक्क्यासकट.