पीठ जाडं येतंय

“हे दवाखान्यात जातात, बीपी तपासून गोळ्या घेऊन येतात, पण मनातलं कुणाला सांगत नाहीत, आम्ही काय करायचं?” घरातल्या पुरुषाविषयी हा प्रश्न कुणाची पत्नी, कुणाची बहीण, कुणाची लेक मला सतत विचारत असते. मी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मनाच्या तक्रारी ऐकायला दर गुरुवारी बसते, तिथला एक अनुभव त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पिठाची गिरणी चालवणारे ते गृहस्थ सत्तेचाळिशीचे होते. छातीत जडपणा, पित्त, पहाटे तीनला जाग, अशा तक्रारी घेऊन ते चार महिन्यांत सहा वेळा येऊन गेले होते आणि दोनदा काढलेला ईसीजी दोन्ही वेळा व्यवस्थित आला होता. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म आशाताई भरतात, त्यात मनाविषयीचे दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामातला रस कमी झाला का, आणि उदास वाटले का. दोन्हींपुढे ‘नाही’ होते. तरीही डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले. बसता बसताच ते म्हणाले, “मला वेड लागलेलं नाही, मॅडम.”

पहिल्या दोन भेटी गव्हाचे भाव आणि वीजबिल यांतच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी विचारले, “हल्ली पीठ कसं येतंय?” पीठ पारखताना घासतात तसे त्यांचे अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर फिरू लागले, आणि मध्येच थांबले.

“जाडं येतंय. गिऱ्हाइकं बोलतात.”

“का बरं?”

“दगडांना टाकी लावायची राहिलीय. दिवाळीपासून. छिन्नी उचलवतच नाही.”

तेव्हा होळी तोंडावर आली होती. दगड बोथट होण्याआधीच टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने त्यांना पुन्हा खरखरीत करणारा, हा माणूस. ‘रस कमी झाला का’ या प्रश्नाचे खरे उत्तर इथे होते. फॉर्मने तो त्यांच्या भाषेत विचारलाच नव्हता.

“घरी बोललात?”

“कर्त्या माणसानं खचायचं नसतं.”

“मग बोथट झालेला दगड तुम्ही फेकून देता का?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “कसा फेकणार? दळणारा दगड झिजणारच.” आपले वाक्य आपल्याच कानांवर पडल्यावर त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. मी काहीच बोलले नाही. परिस्थिती माणसाला जितकी खचवते, त्याहून अधिक त्याला ‘मी खचताच कामा नये’ ही सक्ती खचवते, असे मी मानते. ती सक्ती मी बोलून सैल झाली नसती; ते वाक्य त्यांच्या तोंडून येईपर्यंत मी थांबले, याचे मला आजही समाधान आहे.

त्याच दिवशी मी सरळ विचारले, “जगणं नकोसं वाटतं का?” तसा विचार दोनदा येऊन गेला होता. त्यांच्या संमतीने पत्नीला बोलावले आणि जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार सुरू केले. पुढे दीड महिन्याने दगडांना टाकी लागली.

२०२२ च्या राष्ट्रीय नोंदींनुसार आत्महत्या करणाऱ्या दर १०० जणांत सुमारे ७२ पुरुष होते. म्हणून डॉक्टरांना आणि आशाताईंना माझी विनंती आहे की फॉर्मवरचे प्रश्न जरूर विचारावेत, पण त्याबरोबर झोप, चिडचिड, दारू आणि रोजच्या कामात काय मागे पडले आहे हेही विचारावे. बीपी मोजून झाल्यावरची दोन मिनिटे त्यासाठी चांगली असतात. घरच्यांनी ‘मन मोकळं करा’ असा आग्रह धरू नये. पुरुष अंगाच्या दुखण्याची वाट धरून दवाखान्यात येत असेल तर त्याच वाटेने त्याला येऊ द्यावे, सोबत जावे, आणि त्याची हरकत नसेल तर झोपेचे आणि अबोल्याचे डॉक्टरांच्या कानावर घालावे. ‘जगणं नकोसं वाटतं का’ असे थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि गोळ्यांचा साठा त्याच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावता येतो. तिथे मराठीत बोलता येते, आणि पहिला फोन घरच्यांनी केला तरी चालतो.