अपात्र कशासाठी?

"मॅडम, एमसीएच्या साइटवर माझं नाव डिसक्वालिफाइड संचालकांमध्ये आहे. आता फायनान्समध्ये मला कोण काम देणार?"

2017च्या सप्टेंबरात कंपनी व्यवहार मंत्रालयाने (एमसीए) 3 लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरवले. तेव्हापासून माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कितीतरी जणांनी विचारला आहे. बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले, घराचे हप्ते चालू असलेले.

त्यातलेच मुलुंडचे एक गृहस्थ. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पंचवीसेक वर्षं अकाउंट्समध्ये काढलेली. मेहुण्यांच्या कंपनीत संचालक म्हणून सही केली, धंदा बसला आणि सलग 3 वर्षं ताळेबंद व वार्षिक विवरणपत्रं भरलीच गेली नाहीत. 5 वर्षांची अपात्रता आली. आठ महिने ते घरी होते. अर्ज कुठेच करत नव्हते, कारण चौकशीत सगळं उघडं पडेल ही धास्ती. "सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा जात नाहीत हो," पत्नी म्हणाल्या.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. घटनेपेक्षा तिला आपण चिकटवलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते. त्यांचा अर्थ एका वाक्यात होता: "मी नालायक आहे, सरकारनेच लिहून दिलंय." दोन भेटी मी त्यांच्या चांगुलपणाचे दाखले देत राहिले. काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या भेटीत कंपनी कायदा 2013 चं कलम 164 छापून आणलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं.

"कशासाठी अपात्र?"

"संचालक म्हणून नेमणुकीसाठी."

"बँक रिकन्सिलिएशन करायला? जीएसटी रिटर्न भरायला? पगारपत्रक करायला?"

ते कागदाकडे बघत राहिले. चष्मा पुसला. एक रुपयाचा फरक शोधावा तसं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, ओळीखाली बोट धरून. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मी ही एन्ट्री चुकीच्या खात्यात टाकली होती."

आणि थोड्या वेळाने, मी न विचारता: "पण सही माझीच होती."

ही दोन वाक्यं पाठोपाठ आली, याचं मला आजही समाधान वाटतं. त्यांना कौतुक नको होतं. आपली चूक नेमकी कुठे संपते, हे हवं होतं. ती हद्द दिसल्यावरच ती चूक त्यांना पदरात घेता आली.

अशा प्रत्येकाला माझं सांगणं आहे: लपवू नका. फॉर्मवर प्रश्न असेल तर खरं उत्तर लिहा. नसेल, तरी काम ठरण्याआधी दोन वाक्यांत सांगा: काय राहून गेलं, अपात्रता कधी संपते. तिसरं वाक्य बहुधा रडगाणं होतं. बायकोच्या नावावर कंपनी काढून मागून चालवायचा सल्ला नातेवाईक देतील. त्या वाटेला जाऊ नका, जुनी भीती नव्या नावाने घरात येते. अपील वगैरेचं कंपनी सेक्रेटरीला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नव्हे. सुरुवात बँका किंवा वित्तसंस्थांपासून करू नका, तिथली छाननी कडक असते. सीए फर्म, छोटे कारखाने, दवाखाने यांना दर महिन्याला हिशेबाला भरवशाचा माणूस लागतो. असं कंत्राटी काम स्वतःच्या नावावर घेता येतं, त्याला डिन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, लागत नाही.

काम मागताना सांगायची ती दोन वाक्यं मुलुंडच्या गृहस्थांनी आणि मी माझ्या खोलीत अकरा वेळा म्हटली. आठव्या वेळेपर्यंत त्यांची मान खाली होती.

पहिल्या दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, लोअर परळच्या एका फर्ममध्ये, भागीदाराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "टॅली प्राइमवर हात आहे ना?" तीन महिन्यांचं कंत्राट मिळालं.

पुढच्या भेटीची वेळ ठरवायला मी फोन केला, तेव्हा मागे लोकलचा आवाज होता. "मॅडम, 20 तारखेला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न आहे," ते घाईत म्हणाले, "21च्या पुढची द्या."