अपडेटनंतर एलव्हीएम स्नॅपशॉट माउंट होत नाही, तो परत मिळवता येईल का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: उबुंटू सर्व्हरची आवृत्ती बदलण्याआधी तुम्ही रूट व्हॉल्यूमचा (ज्यावर मुख्य सिस्टिम असते, त्याचा) ५ जीबीचा एलव्हीएम स्नॅपशॉट घेतला. एलव्हीएम म्हणजे लिनक्समध्ये डिस्कच्या जागेचे व्हॉल्यूम पाडणारी व्यवस्था आणि स्नॅपशॉट म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती जपण्याची सोय. अपडेट पूर्ण झालं, पण काही सेवा नीट चालेनात म्हणून स्नॅपशॉट माउंट करायला, म्हणजे उघडायला गेलात, तर इनपुट-आउटपुट एरर येते.

आधी धीर धरा, मूळ व्हॉल्यूम शाबूत आहे. स्नॅपशॉट बिघडला म्हणून मूळ डेटाला धक्का लागत नाही. फक्त घाईघाईत एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. स्नॅपशॉटवर त्याचा उपयोग नाही आणि चालू, माउंट असलेल्या रूटवर ते चालवणं सरळसरळ धोक्याचं आहे.

आता व्हॉल्यूमची यादी दाखवणारी 'एलव्हीएस' कमांड द्या आणि स्नॅपशॉटच्या ओळीत दोन गोष्टी बघा. डेटा टक्केवारी १०० आहे का आणि अ‍ॅट्रिब्यूटच्या रकान्यात पाचव्या जागी कॅपिटल 'आय' आहे का? तसं असेल तर स्नॅपशॉट भरून बाद झालेला आहे. 'डीमेसेज'मध्येही (dmesg, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'इनव्हॅलिडेटिंग स्नॅपशॉट' अशी ओळ सापडेल. तुमच्या वर्णनावरून मला हेच झालेलं दिसतं.

असं का होतं, हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीचा एलव्हीएम स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची पूर्ण प्रत नव्हे. मूळ व्हॉल्यूमचा एखादा तुकडा (नेहमीच्या मांडणीत ४ केबीचा) पहिल्यांदा बदलायची वेळ आली, की त्यातला जुना मजकूर स्नॅपशॉटच्या राखीव जागेत नेऊन ठेवला जातो आणि मगच नवा लिहिला जातो. एलव्हीएमला फाइली कळत नाहीत, तुकडेच कळतात. त्यामुळे फाइलसिस्टिमच्या दृष्टीने रिकाम्या असलेल्या जागेवर काही लिहिलं, तरी तिथला निरुपयोगी जुना मजकूर इमानेइतबारे उचलून ठेवला जातो. आवृत्ती बदलताना डाउनलोड केलेली पॅकेजेस, त्यातून उलगडलेल्या नव्या फाइली, लॉग, जर्नल हे सगळं त्या राखीव जागेतून वजा होत जातं. समजा २ जीबी डाउनलोड झालं आणि ते उलगडून ५ जीबी झालं, तर तुमचा ५ जीबीचा स्नॅपशॉट अपडेट अर्ध्यात असतानाच संपला. मोठ्या अपडेटसाठी घेतलेला छोटा स्नॅपशॉट त्या अपडेटमुळेच मरतो, आणि अपडेट सुरू असताना तिकडे कुणाचं लक्षही नसतं.

बाद झालेला स्नॅपशॉट परत येत नाही. वैधतेची खूण हाताने बदलायच्या युक्त्या सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. जागा संपल्यानंतर मूळ व्हॉल्यूमवर झालेल्या बदलांची नोंद झालेलीच नाही, म्हणून जे बाहेर येईल ती जुन्या-नव्याची खिचडी असेल. 'एलव्हीरिमूव्ह'ने तो काढून टाका.

मात्र काढण्याआधी खात्री करा, कारण दुसरी काही कारणंही वरवर अशीच दिसतात आणि त्यात स्नॅपशॉट धडधाकट असतो. थिन पूलमधला (गरजेप्रमाणे जागा देणाऱ्या सामायिक साठ्यातला) स्नॅपशॉट रीबूटनंतर आपोआप सुरूच होत नाही. अ‍ॅट्रिब्यूटच्या शेवटी 'के' दिसतो. 'एलव्हीचेंज'ला सक्रिय करण्याच्या पर्यायासोबत कॅपिटल 'के'चा पर्याय दिला, की तो हजर होतो. फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल तर मूळ आणि स्नॅपशॉट दोघांचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच असल्याने माउंट नाकारलं जातं. 'नोयूयूआयडी' आणि फक्त-वाचन हे पर्याय देऊन माउंट करा. आणि नवा कर्नल बसवून रीबूट केलेलं नसेल, तर काही वितरणांमध्ये चालू कर्नलची मॉड्यूल्स (लागतील तशी जोडली जाणारी कर्नलची सुटी अंगं) पुसली गेलेली असतात. मग 'डीएम-स्नॅपशॉट' मॉड्यूल मिळत नाही आणि डिव्हाइस-मॅपर टार्गेट सापडत नसल्याची तक्रार येते. तिथे रीबूट पुरे.

बिघडलेल्या सेवांचं काय? 'व्हार-लॉग-एपीटी'मधला हिस्टरी लॉग वाचा. कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कुठे गेलं, ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. बहुतेकदा दोषी दोन-चार पॅकेजेस किंवा त्यांच्या बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइली निघतात. आवृत्तीच बदललेली असताना सगळी पॅकेजेस मागे नेण्याच्या फंदात पडू नका.

पुढच्या वेळी आधी 'व्हीजीएस'ने व्हॉल्यूम ग्रुपमधली (व्हॉल्यूम ज्यातून पाडले जातात त्या साठ्यातली) मोकळी जागा बघा. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर बऱ्याचदा ती बरीच शिल्लक ठेवतो. परवडत असेल तर स्नॅपशॉट मूळ व्हॉल्यूमएवढा घ्या, तो भरण्याची भीती जवळपास राहत नाही. नाहीतर 'एलव्हीएम.कॉन्फ' या सेटिंगच्या फाइलमध्ये स्नॅपशॉट आपोआप वाढवण्याची मर्यादा ७० टक्के करा. ती मुळात १०० असते, म्हणजे सोय बंदच. वाढीचा टक्का २० ठेवलात तर दर वेळी तेवढी वाढ होते. अर्थात देखरेखीची सेवा चालू आणि ग्रुपमध्ये जागा शिल्लक हवी. अपडेट सुरू असताना दुसऱ्या टर्मिनलवर टक्केवारी बघत राहणं मला तरीही गरजेचं वाटतं. १०० व्हायच्या आत 'एलव्हीएक्स्टेंड' केलं तर स्नॅपशॉट वाचतो.

शिवाय बूट विभागाची (जिथे कर्नल असतो, त्याची) प्रत वेगळी काढून ठेवा. तो बहुधा एलव्हीएमच्या बाहेर असतो, म्हणून रूटच्या स्नॅपशॉटमध्ये येत नाही. स्नॅपशॉट मर्ज करून, म्हणजे मूळ व्हॉल्यूममध्ये परत मिसळून, रूट मागे नेलंत (रूट वापरात असल्याने ते पुढच्या रीबूटलाच होतं), तर कर्नल नवा आणि मॉड्यूल्स जुनी अशी गत होते आणि नेटवर्कसुद्धा चालू न होण्याची शक्यता असते. अशा वेळी ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूतून जुना कर्नल निवडा, मशीन वर आल्यावर बूटची जुनी प्रत जागेवर ठेवा आणि ग्रब अपडेट करा.