पॉपिन्स लाइट इटालिक झाडांच्या पुस्तिकेला चालेल का?

सोसायटीतल्या झाडांची छोटी पुस्तिका आणि खोडांजवळच्या पाट्या करायच्या आहेत, त्यातला सगळा मजकूर पॉपिन्स लाइट इटालिकमध्ये, म्हणजे पॉपिन्स फाँटच्या बारीक रेषेच्या तिरप्या अक्षरांत, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी पुस्तकांची मांडणी करते आणि हा फाँट बरीच वर्षं वापरतेय. झाडांच्या शास्त्रीय नावांसाठी तो जरूर घ्या. मराठी मजकुराला मात्र लावू नका.

पॉपिन्स हा फाँट बनवणाऱ्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन (म्हणजे इंग्रजीची लिपी) जॉनी पिनहॉर्न यांची. दोन्ही लिप्यांचा पाया वर्तुळ, आणि रेषेची जाडी जवळपास सगळीकडे सारखी. सगळ्यात बारीक थिनपासून सगळ्यात जाड ब्लॅकपर्यंत नऊ जाड्या आहेत, प्रत्येकीला जोडीचा इटालिक; लाइट ही त्यातली तिसरी. शिवाय फुकट मिळतो. इटालिकचं मूळ हस्ताक्षरात आहे, पण पॉपिन्सच्या इटालिकला हस्ताक्षराचा बाज नाही. सरळ अक्षरं कलती केलेली आहेत, त्यामुळे तो शांत आणि नेटका दिसतो.

लॅटिन शास्त्रीय नावं तिरप्या अक्षरांत छापायचा संकेतच आहे: प्रजातीच्या (जीनस) नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल, पुढचं जातीचं नाव सगळं लहान लिपीत. ठळक अक्षरांत ‘आंबा’ आणि त्याखाली रोमनमध्ये मँजिफेरा इंडिका हलक्या तिरप्या अक्षरांत घेतलं की कुठलं नाव आपलं आणि कुठलं शास्त्राचं, हे न सांगता कळतं. या कामाला लाइट इटालिक फार शोभतो. दोन्ही लिप्या एकाच घरातल्या असल्यामुळे त्या एकमेकींशी भांडतही नाहीत.

मराठीचं गणित वेगळं आहे. रोमनमधलं प्रत्येक अक्षर सुटं उभं असतं, एकेक कललं तरी बिघडत नाही. आपला शब्द शिरोरेघेला टांगलेला असतो. रेघ आडवी राहते आणि तिच्याखालचे सगळे काने एका बाजूला झुकतात, दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने कलावेत तसे. चार शब्दांच्या शीर्षकात ते छानही दिसेल, पण अख्खा परिच्छेद वाचताना डोळे शिणतात. देवनागरीत तिरप्या अक्षरांची परंपराही नाही. जोर द्यायचा तर आपण ठळक टाइप घेतो, नाहीतर अवतरणचिन्हं.

दुसरी अडचण बारीक रेषेची. एका पुस्तिकेत मी गडद हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत, आठ पॉइंटमध्ये (पॉइंट हे अक्षरांचं माप) लाइट घेतला होता. छापून आल्यावर ‘चिंच’चं ‘चिच’ झालं होतं. शाई पसरून अनुस्वार बुजला होता. छपाईत असा हिरवा एकाहून जास्त रंग एकावर एक छापून तयार होतो, त्यातला एखादा केसभर सरकला तरी एवढ्या बारीक पांढऱ्या रेषेत रंग शिरतो. तेव्हापासून लाइट मी फक्त पांढऱ्या कागदावर, निव्वळ काळ्या शाईत आणि निदान दहा पॉइंटमध्ये घेते.

पाट्यांवर मात्र शास्त्रीय नावालाही लाइट नको, मीडियम इटालिक घ्या. उन्हात आणि चार पावलांवरून लाइटची रेषा दिसेनाशी होते. मराठी माहिती सरळ रेग्युलरमध्येच ठेवा.

छपाईला देण्याआधी एक पान खऱ्या मापात, त्याच कागदावर काढून बघा आणि त्यातले अनुस्वार, रफार एकेक करून तपासा.