बाबा आयसीयूत असताना आपण करायचं काय

तुम्ही लिहिलंय की बाबांचं न्यूमोनियाचं इन्फेक्शन रक्तात पसरलं, बरेच दिवस व्हेंटिलेटर होता, तो निघाल्यावर सगळ्यांना वाटलं चला सुटलो, आणि आता ते तुम्हाला ओळखत नाहीत, नळ्या ओढतात, रात्री म्हणतात ही माणसं मला मारायला टपलीयेत. डॉक्टर दोन मिनिटांत येऊन जातात, भाऊ लांबून फोनवर प्रश्नांची सरबत्ती करतो आणि तुम्हाला वाटतंय की आपण तिथे नुसतेच बसून असतो, आपला काडीचा उपयोग नाही. माझी आई अशीच खूप दिवस आयसीयूत होती, नंतर घरातली अजून आजारपणं अंगावर पडली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठलं औषध द्यावं वगैरे माझ्याकडून ऐकू नका, पण नातेवाईकाच्या खुर्चीत बसून जे कळलं ते सांगते.

आधी ते न ओळखण्याचं घेऊ, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय. याला डिलिरियम म्हणतात आणि व्हेंटिलेटरवर राहिलेल्या वयस्कर पेशंटमध्ये ते इतकं कॉमन आहे की सिस्टर लोकांना त्याचं काही वाटत नाही, म्हणूनच बहुतेक तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितलं नसेल. हा वेडेपणा नाही आणि स्मृतिभ्रंशही नाही. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू येतो, हे अचानक येतं आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतं, सकाळी माणूस बऱ्यापैकी बोलतो आणि रात्री तोच माणूस सलाईन उपसून उठायला बघतो. इन्फेक्शन, ऑक्सिजन कमी पडणं, सोडियम खालीवर होणं, झोपेसाठी दिलेली औषधं, दुखणं, तुंबलेली लघवी, साधं बद्धकोष्ठ, यातलं काहीही कारण असू शकतं आणि बहुतेक वेळा चार-पाच गोष्टी एकत्र असतात. बहुतेकांचं हळूहळू निवळतं, काहींना वेळ लागतो, वयस्कर माणसांना जास्त. बाबा तुम्हाला जे बोलतायत ते मनावर घेऊ नका, हे सांगणं सोपं आहे हे मलाही माहितीये.

याचा दुसरा प्रकार जास्त फसवा असतो. त्यात पेशंट आरडाओरडा करत नाही, गप्प पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो, परत मिटतो. सगळे म्हणतात आज शांत आहेत हो, छान झोपलेत. हा डिलिरियम स्टाफच्या नजरेतून सहज सुटतो कारण त्यांनी बाबांना आजारी पडायच्या आधी कधी पाहिलेलंच नाही. आणि माझ्या मते तुमचं खरं काम इथे सुरू होतं. बाबांचा सीटी स्कॅन, रिपोर्ट, एक्सरे सगळं डॉक्टरांकडे आहे, पण बाबा मुळात कसे होते हे त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त तुम्हाला माहितीये. म्हणून "आज कसेतरीच वाटतायत" असं मोघम बोलू नका, "एरवी यांना दुपारी झोपायची सवयच नाही आणि आज माझ्याशी बोलता बोलता झोपतायत" असं सांगा, ते लगेच ऐकतात.

आईच्या वेळचं सांगते. कुठल्याशा प्रोसिजरच्या आधी तिचं कानाचं मशीन काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. शिफ्ट बदलली, मग परत बदलली, आणि फाईलमध्ये लिहिलं जायला लागलं की पेशंट सूचना पाळत नाही. तिला हात वर करा म्हटलं की ती तोंडाकडे बघत राहायची. डॉक्टर मेंदूच्या स्कॅनचं बोलायला लागले तेव्हा कुठे मावशीच्या लक्षात आलं, तिने ड्रॉवर उघडून सेल बदलून मशीन कानात घातलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, ताई हात वर कर. आईने दोन्ही हात वर केले आणि मग चिडून विचारलं की सगळे एवढे ओरडतायत कशाला. तर बाबांचा चष्मा, कवळी, कानाचं मशीन जे काही असेल ते कुठे आहे हे आधी शोधा, आणि दिवसा ते अंगावर असू दे म्हणून सिस्टरांच्या मागे लागा (कवळी मात्र विचारूनच, गिळता येत नसेल तर नाही देत).

बोलताना एक गोष्ट अजिबात करू नका, ती म्हणजे परीक्षा घेणं. प्रत्येक नातेवाईक आत जातो आणि पहिला प्रश्न टाकतो, "ओळखलंत का, मी कोण सांगा बघू?" बिचाऱ्याला नाही आठवलं की तो अजून घाबरतो आणि बाहेर येऊन हे रडतात. त्यापेक्षा आपणच सांगायचं, बाबा मी अमुक, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, न्यूमोनिया झाला होता, आता बरा होतोय, आज मंगळवार आहे, सकाळ आहे. छोटी वाक्यं, एका वेळी एकानेच बोलायचं, आणि तेच परत परत सांगायला कंटाळायचं नाही. भिंतीवर माणूस दिसतोय म्हणाले तर वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका, "मला नाही दिसत, पण तुम्हाला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे" एवढं पुरे. दिवसा पडदा उघडा, समोर दिसेल असं घड्याळ आणि तारीख, रात्री लाईट आणि आवाज कमी, हे मागून घ्या. हात बांधलेले बघून पोटात तुटतं पण नळी ओढली तर जीवावर बेतू शकतं म्हणून बांधतात. तुम्ही शेजारी बसलेले असताना थोडा वेळ सोडता येतील का हे विचारा, बरेचदा हो म्हणतात, पण मग खरंच लक्ष ठेवायचं, फोनमध्ये बघत बसायचं नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. बाबा रोज दारू घेत असतील किंवा वर्षानुवर्षं झोपेची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरच्यांना लाज वाटते म्हणून लपवतात, पण या दोन्ही गोष्टी अचानक बंद झाल्या की दोन-तीन दिवसांत माणूस असाच भ्रमिष्टासारखा वागू शकतो, फिट येऊ शकते, आणि त्याची ट्रीटमेंट वेगळी असते. तुमच्या केसमध्ये दिवस जास्त उलटलेत, तरी त्यांना माहिती असलेली बरी. हे सगळं एका कागदावर लिहून द्या. चालू औषधं, ॲलर्जी, आधी स्वतःचं स्वतः करत होते का, चालत होते का, कुठल्या कानाने कमी ऐकू येतं, डावखुरे आहेत का, त्यांना काय म्हणून हाक मारलेली आवडते. एकच पान, फाईलला लावा आणि एक बेडशेजारी. दर शिफ्टला नवीन माणूस येतो, त्याला सगळं तोंडी सांगत बसाल तर तुमचीच दमछाक होईल.

डॉक्टरांचं म्हणाल तर राऊंडची वेळ विचारून ठेवा आणि घरातल्या एकानेच बोलायचं हे ठरवा. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच उत्तरं मिळतात आणि घरी त्याच्यावरून महाभारत होतं. किडनीवाले म्हणतील किडनी सुधारतेय, छातीवाले म्हणतील छाती आहे तशीच आहे, दोघंही खरं सांगत असतात, फक्त आपापल्या अवयवाचं. म्हणून मुख्य डॉक्टर कोण ते आधी विचारा आणि त्यांना विचारा की कालच्यापेक्षा आज पूर्ण माणूस म्हणून बरे आहेत, तसेच आहेत की खालावलेत. दुसरा माझा लाडका प्रश्न, "डॉक्टर, तुम्हाला आत्ता सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?" यावर ते क्षणभर थांबतात आणि मग जे सांगतात तेच खरं ऐकायचं असतं. सिस्टर आणि ब्रदर यांना डॉक्टरांइतकंच, कधी जास्तच, माहिती असतं, फक्त ड्युटी बदलायच्या वेळी त्यांना अडवू नका.

मॉनिटरकडे बघत बसू नका हे पण सांगते. बोटाला चिमटा लावतात ना, त्याच्यामागची कल्पना ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७० च्या दशकात मांडली, दोन वेगवेगळे प्रकाश बोटातून जातात आणि नाडीच्या ठोक्याबरोबर ते किती शोषले जातात यावरून ऑक्सिजन मोजला जातो. म्हणजे हात गार पडला, बोट हललं, चिमटा सरकला की ठोका नीट सापडत नाही आणि आकडा धाडकन खाली येतो, अलार्म वाजतो, आणि आपलं काळीज तोंडात. आधी बाबांच्या चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे बघा, मग सिस्टरांना हाक मारा.

नुसतं बसून असतो म्हणालात त्याबद्दल. फिजिओथेरपिस्ट येतात तेव्हा तिथे हजर राहा आणि त्यातलं मी काय करू शकते ते विचारा. बोटं, घोटे, गुडघे हलवणं इतकं साधं असतं. ब्रिटनमधला २०१३ चा एक अभ्यास आहे, त्यात गंभीर पेशंटच्या मांडीच्या स्नायूचा आकार १० दिवसांत जवळपास १८ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणून बाबांना हात उचलवत नाही हे बघून घाबरू नका, पण हलवण्यात आळसही नको. साधारण दर दोन तासांनी कूस बदलतायत ना, माकडहाडाजवळ आणि टाचांना कातडी लाल झालीये का, हे विचारत चला. ओठ ओले करायचे असतील तर विचारून करा, पाणी मात्र परस्पर पाजू नका, नळी निघाल्यावर गिळणं बिघडलेलं असतं आणि पाणी फुप्फुसात जातं. आत जाता-येता हात धुवा, आणि बाबांना जुलाब होत असतील तर साबण-पाण्यानेच, कारण तिथल्या एका जंतूच्या बीजाणूंवर सॅनिटायझर चालत नाही.

एक वही ठेवा असंही सांगेन. रोज चार ओळी, आज काय झालं, कोण आलं होतं, बाबा काय बोलले, बाहेर घरात काय चाललंय. ही पद्धत स्कँडिनेव्हियातल्या आयसीयूंमध्ये सुरू झाली, तिथे नर्सच लिहायच्या. बरे झाल्यावर पेशंटला मधले दिवस आठवत नाहीत, किंवा आठवतं ते भलतंच असतं, कोणीतरी बांधून ठेवलं होतं, जहाजावर नेलं होतं, आणि ते त्यांना खरं वाटत राहतं. वही वाचली की धागे जुळतात. लगेच हातात देऊ नका, त्यांनी मागितली की द्या.

आता जड विषय. बाबांची छाती परत दमली तर परत व्हेंटिलेटर लावायचा का, हा प्रश्न कधीतरी रात्री दोन वाजता फोनवर येऊ शकतो, आणि तेव्हा कोणालाच धड विचार करता येत नाही. तो आत्ताच, सगळे जागे असताना बोलून घ्या. भावाशी बोलताना "आपण सगळं करायचं की नाही" असं मांडलंत तर भांडण ठरलेलं, कारण नाही म्हणणारा वाईट ठरतो. बाबा स्वतः इथे उभे राहून सगळं बघत असते तर काय म्हणाले असते, असं विचारा. ते कधी कोणाच्या आजारपणाबद्दल काही बोलले होते का ते आठवा. ठराविक दिवस प्रयत्न करून बघू आणि मग परत बसून ठरवू, असंही डॉक्टरांशी ठरवता येतं, हे फार कमी लोकांना माहिती असतं. आणि कोणी पॅलिएटिव्ह टीमचं नाव काढलं तर घाबरू नका, ती माणसं त्रास कमी करायला येतात आणि बाकीची ट्रीटमेंट चालू असतानाही येतात. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर २०१० साली अमेरिकेत अभ्यास छापून आला होता, त्यात ज्यांना सुरुवातीपासून ही मदत मिळाली ते उलट थोडे जास्तच जगले. आजार वेगळा आहे, पण "म्हणजे आशा सोडली" हा समज तेवढ्याने तरी डोक्यातून जायला हरकत नाही.

लांबचा भाऊ जास्त प्रश्न विचारतो कारण त्याच्या हातात काहीच नसतं. त्याला काम द्या. नातेवाईकांचे फोन त्याने घ्यायचे, इन्शुरन्सचे कागद त्याने बघायचे, राऊंडच्या वेळी त्याला स्पीकरवर घ्यायचं. आपोआप नरमतो. आणि रात्री घरी जाऊन झोपा हो. व्हिजिटिंग संपल्यावर बाहेरच्या बाकावर बसून बाबांचं काहीही भलं होत नाही. आयसीयूतून बाहेर आल्यावर शरीर, डोकं आणि मन तिन्ही बरेच महिने मागे पडलेले असतात, त्याला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम असं नाव आहे आणि २०१२ साली डॉक्टरांच्या एका गटाने ते मांडलं तेव्हा घरच्यांना होणाऱ्या त्रासालाही त्यात जागा दिली होती. तुमची झोप उडणं, फोन वाजला की धडधडणं हे त्यातलंच. खरी ओढाताण बाबा घरी आल्यावर आहे, तेव्हा अंगात काहीतरी शिल्लक ठेवा.

वॉर्डमध्ये हलवतील तेव्हा दोन गोष्टी लक्षात असू द्या. तिथे एका सिस्टरकडे खूप पेशंट असतात, त्यामुळे आयसीयूसारखं लगेच कोणी धावून येत नाही, पहिल्या रात्री कोणीतरी सोबत थांबा. आणि डिस्चार्जच्या कागदावरची औषधं एकेक करून विचारा, हे कशासाठी आणि कधीपर्यंत. डिलिरियमसाठी किंवा झोपेसाठी आयसीयूत सुरू केलेल्या गोळ्या बरेचदा नुसत्या पुढे लिहिल्या जातात, बंद करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि आधीची बीपी-शुगरची औषधं मध्ये थांबवली असतील तर ती परत कधी सुरू करायची, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या.