रोज आधी निधनवार्ता

पत्र : ताई, वय ४७, राहते नाशिकरोडला. पेपर आला की मी आधी निधनवार्ता वाचते, ओळखीचं कुणी नसलं तरी एकूण एक. सासूबाई म्हणतात, सकाळच्या पारी गेलेल्यांची नावं घेऊ नयेत. ह्यांना वाटतं मला डिप्रेशन आलंय. नऊ महिन्यांपूर्वी अण्णा गेले, तेव्हापासून हे वाढलंय. ते ३४ वर्षं नोट प्रेसमध्ये मशीनवर होते. पेपरात फक्त नाव, वय आणि दहाव्याची वेळ आली. माझं काही चुकतंय का?

उत्तर : चुकत काहीच नाही. मीही वाचते. माझी आई वाचायची ती दहाव्यासाठी. रामकुंडावर किती वाजता, हे कळायला हवं, कारण कोण आलं नव्हतं ते घरं वीस-वीस वर्षं विसरत नाहीत.

पण तुम्ही अनोळखी माणसांचं वाचता, ते निराळं. तिथे बहुतेक मजकूर ठरलेलाच असतो: मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार. त्यातच एखादी ओळ निसटून येते. मागे एकांचं आलं होतं, गावच्या भजनात चाळीस वर्षं पखवाज वाजवला. माझा चहा गार झाला. त्या माणसाचे हात दिवसभर डोळ्यांसमोर होते.

बायकांच्या बाबतीत तर ही ओळही नसते. अमक्यांच्या मातोश्री, वय ८१, संपलं. माहेरचं नाव नाही, ऐंशी वर्षांत काय केलं ते नाही. मला याचा फार राग येतो. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ च्या महिलादिनी एक मालिका सुरू केली. १८५१ पासून ज्यांचे मृत्युलेख छापायचे राहून गेले, त्यांचे लेख. पहिल्याच खेपेत आपली मधुबाला होती. ती गेली १९६९ साली. एकोणपन्नास वर्षांनी का होईना, लिहिलं.

तुम्हाला नऊच महिने झालेत. मला वाटतं, रोज त्या पानावर तुम्ही अण्णांची न आलेली ओळ शोधताय. ती दुसरं कुणी लिहिणार नाही, तुम्हीच लिहा. वर्षश्राद्धाला अजून तीन महिने आहेत. पुण्यस्मरणाची जाहिरात द्याल तेव्हा "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या खाली मशीनवरची ३४ वर्षं येऊ द्या. कामावरून आल्यावर ते आधी काय करायचे, कुणावर चिडायचे, तेही. जाहिरातीत मावलं नाही तर वहीत लिहा.

आणि एकदा रामकुंडावर तुमच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नामावळीची वही काढतात. कोण, कधी, कुणासाठी आलं होतं, त्यात लिहिलेलं असतं. जुनी पानं मोडी लिपीत. कदाचित पणजोबाही भेटतील.

सासूबाईंचा मान राखा, पेपर त्यांची पूजा झाल्यावर उघडा. झोप उडाली, जेवण जाईनासं झालं, तर मात्र ह्यांचं ऐका आणि डॉक्टरांना दाखवा.

फोटो स्टुडिओतला देऊ नका. लग्नाच्या ग्रुपमधला एखादा असेलच, अण्णांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात असलेला. तो हात कापू नका.