प्रीसीझन क्रमवारीत 18व्या असलेल्या टीमकडून किती अपेक्षा ठेवावी?

तुमचा प्रश्न असा: मुलगी अमेरिकेत शिकते, तिच्या विद्यापीठाची पुरुषांची बास्केटबॉल टीम हंगामाआधीच्या (प्रीसीझन) एपी पोलमध्ये, म्हणजे एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत, 18वी आहे, मग मार्चमधल्या एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत ती नक्की दिसेल ना?

शक्यता चांगली आहे, पण त्या आकड्यावर विसंबू नका. पोल म्हणजे साठेक क्रीडापत्रकारांच्या मतांची बेरीज. पहिल्या नावाला 25 गुण, दुसऱ्याला 24, असं उतरत जायचं. स्पर्धेत दर सीडला (मानांकनाला) चार संघ, म्हणजे 18वा क्रमांक खरा ठरला तर साधारण पाचवं सीड. पण मत देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मागचा मार्च असतो आणि गडबड तिथेच होते.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचंच बघा. 2022 मध्ये आठव्या सीडवरून थेट अंतिम सामना, कॅन्ससकडून 72-69 अशी हार, आणि पाचपैकी चार स्टार्टर (सुरुवातीला मैदानात उतरणारे) परत. पुढच्या हंगामाआधी पोलने त्यांना पहिलं बसवलं. शेवट 20-13, आणि एनसीएएचं बोलावणंच आलं नाही. 1985 मध्ये स्पर्धा 64 संघांची झाल्यापासून पहिल्या क्रमांकाने सुरुवात करणाऱ्या टीमवर ही वेळ कधीच आली नव्हती. स्टार्टरांपैकी गेला होता एकटा ब्रेडी मॅनेक. पण हा उंच फॉरवर्ड तीन गुणांच्या रेषेबाहेरून 40 टक्के मारायचा, त्यामुळे समोरच्या उंच बचावपटूला बाहेर यावंच लागे आणि आत, रिंगजवळ खेळणाऱ्या सेंटर अर्मांडो बेकॉटला मोकळी जागा मिळे. तो गेल्यावर आत दाटी झाली आणि टीमची तीनची टक्केवारी 31 च्या आसपास घसरली.

म्हणून मागच्या हंगामाचा स्टॅट्सचा तक्ता उघडा. सामना 40 मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला 200 मिनिटं. सोडून गेलेल्यांची सरासरी मिनिटं मिळवा. समजा 33, 29 आणि 21, तर 83 गेली, 117 उरली, म्हणजे 58.5 टक्के. ट्रान्सफर पोर्टलमुळे खेळाडू सहज विद्यापीठ बदलतात, त्या काळात हे बरंच चांगलं. मग हाच हिशेब असिस्टचा (गुण मिळवून देणाऱ्या पासचा) आणि तीनच्या प्रयत्नांचा करा. प्रयत्न आधी, टक्केवारी नंतर, कारण मोठ्या सामन्यात कोणाला मारायची मुभा असते ते प्रयत्नांवरूनच दिसतं.

नव्याने आलेल्यांबाबत जास्त सावध राहा. छोट्या कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटात) सामन्याला 18 गुण करणारा मोठ्या कॉन्फरन्समध्येही तेवढेच करेल असं धरू नका: बचाव तगडा असतो आणि चेंडू बऱ्याचदा दुसऱ्याच्या हातात असतो. तीनच्या फक्त 60 प्रयत्नांवरची 45 टक्केवारी मला फारशी पटत नाही. त्यापेक्षा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरची विनाअडथळा फेक बघा. तिथे 80 टक्क्यांच्या पुढे असणाऱ्याचा हात सहसा खरा असतो.

दुसरा सेंटर कोण, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की आणखी होऊ नयेत म्हणून कोच मुख्य सेंटरला बहुधा बाकावर बसवतो. 2022-23 च्या कनेक्टिकट विद्यापीठाकडे मुख्य सेंटर अडामा सनोगोमागे सव्वासात फुटांच्या आसपासचा डोनोव्हन क्लिंगन होता, त्यामुळे रिंगजवळचा पहारा ढिला पडायचा नाही. ती टीम प्रीसीझनच्या पहिल्या 25 मध्येही नव्हती. स्पर्धेतले सहाही सामने तिने किमान 13 गुणांनी जिंकले आणि ट्रॉफी नेली.

वेळापत्रकही तपासा. स्पर्धेची निवड समिती क्वाड्रंट, म्हणजे सामन्यांचे अवघडपणानुसार पाडलेले चार गट बघते: नेट या एनसीएएच्याच क्रमवारीतल्या पहिल्या 30 ना घरी, पहिल्या 50 ना तटस्थ मैदानावर किंवा पहिल्या 75 ना त्यांच्या घरी हरवलं तर तो क्वाड 1 चा, म्हणजे सर्वात वजनदार गटातला विजय. नॉर्थ कॅरोलायनाला त्या वर्षी असे दहा सामने मिळाले, जिंकला एकच. तुमच्या टीमचे नोव्हेंबर-डिसेंबरमधले सामने बहुतेक घरी आणि दुबळ्यांशी असतील, तर 10-1 अशी सुरुवातसुद्धा फार काही सांगणार नाही.

हंगामाआधीच्या एक्झिबिशन (सराव) सामन्यांचा निकाल सोडून द्या, फक्त पहिली आठ मिनिटं कोणते पाच जण एकत्र खेळतात ते टिपून ठेवा. पुढे केनपॉम या आकडेवारीवरून संघांची ताकद मापणाऱ्या साइटचे आकडे बघत असाल, तर हंगामाआधीच्या अंदाजाचा भार त्यात हळूहळू कमी होत जातो, हे ध्यानात असू द्या. अपेक्षा पक्की करायची असेल तर जानेवारीअखेरपर्यंत थांबा. तोवर कॉन्फरन्समधले बाहेरगावचे चार-पाच सामनेही झालेले असतील.